वेशीपर्यंत नवी

लोक बैलगाडीतच बिऱ्हाड थाटून गावोगाव हिंडत, त्या काळातली ही गोष्ट. जत्रा फिरायच्या हौसेनं भुजंगरावांनी मालू सुताराकडून नवीकोरी छपराची गाडी घेतली आणि तिला आपला म्हातारा बैल जुंपला. गाडी वेशीपर्यंत पोचली, तोच त्यांची बायको म्हणाली, "मी नाही बाई असल्या चाकांवरच्या घरात झोपायची!" भुजंगराव तसेच मागं फिरले.

मालूनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "रावसाहेब, निम्मे पैसे देईन. गाडी आता जुनी झाली."

"अरे, वेशीपर्यंत तर गेली!"

"गेली ना?" मालू म्हणाला.

वैतागून भुजंगरावांनी बैलही तिथंच विकून टाकला.

संध्याकाळी गाडीनं बैलाला विचारलं, "माझा रंग उडाला नाही, चाक कुरकुरलं नाही. मग वाटेत माझं झालं तरी काय?"

"काही नाही," बैल दमल्या आवाजात म्हणाला. "तुला मालक मिळाला, एवढंच. मला आजवर चार मिळाले. दर वेळी तोंड उघडून दात बघतात आणि भाव पाडतात. मी आता मनाला लावून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी तान्हं पोर कडेवर घेऊन गोजरा लोहारीण आली. स्वस्तात मिळतंय म्हणून तिनं गाडी आणि बैल दोन्ही घेतले. आत शिरताच तिनं रंगवलेल्या आडव्या लाकडात भला मोठा खिळा ठोकला.

गाडी कळवळली. "बैलोबा, आता तर माझी किंमत आणखी उतरेल!"

"उतरू दे," बैल म्हणाला. "पाळणा टांगतेय ती. खिळा घट्ट धर."