चकाकलेलं चाक

यंत्रंही माणसांशी बोलत तेव्हाची गोष्ट. यमुनाकाकूंनी सासूबाईंचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन सुटं केलं, रॉकेलने धुतलं आणि पुसून लख्ख केलं. जोडायला बसल्या, तर चाक म्हणालं, “मी आता फिरणार नाही. पुन्हा मळेन. मला भिंतीवर टांगा.”

काकूंनी निमूट खिळ्याला टांगलं. मशीन बंदच पडलं. चाक मात्र ऐटीत कौतुकाची वाट पाहू लागलं.

शेजारच्या द्वारकाबाई आल्या. त्यांनी चाक निरखून पाहिलं आणि विचारलं, “हे झाकण रिकामंच आहे का? माझा डाळीचा डबा उघडा पडलाय.”

“न्या की,” काकू म्हणाल्या.

चाक घाईघाईने म्हणालं, “काकू, द्वारकाबाईंचा पदर उसवलाय. मला मशीनला लावा, लगेच टीप मारून देऊ.”