मधाची गाठी

बाळराजांच्या पुढच्या दातावर काळा ठिपका दिसला आणि वेणगडच्या राणीसाहेबांची झोप उडाली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आईला एक ठिपका दिसला की पुढचं सगळंच दिसायला लागतं: बोळकं तोंड, मोडलेली सोयरीक, दात काढून हसणारे शत्रू. आदल्या दिवशी मुलगा रडू नये म्हणून आपणच त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली होती, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही. राजवैद्यांना बोलावलं. वैद्यबुवा म्हणाले, साखर बंद, मध चालेल. पण मध तापवायचा नाही, तापवलेला मध म्हणजे विष.

राजे उदयभान यांना अर्धवट काही करायची सवय नव्हती. त्यांनी सगळ्या राज्याचीच साखर बंद केली. पण पाडवा पंधरा दिवसांवर आला होता, आणि साखरेच्या चकत्यांची माळ, म्हणजे गाठी, नसेल तर गुढी कसली? मग दुसरा हुकूम निघाला. यंदा गाठी मधाची. पांढरी, घट्ट, उन्हात न गळणारी, शिवाय मध न तापवता केलेली. ज्याला जमणार नाही त्या हलवायाने कढई जमा करावी आणि गाव सोडावं.

मधाची गाठी होत नाही, म्हणून तर ती साखरेची करतात, हे गावातल्या पोरासोरांना माहीत होतं. दरबारात मात्र कोणी कधी पाक केला नव्हता.

पहिल्या हलवायाने चोरून मध आटवला. त्याचा तपकिरी, चिकट गोळा झाला. साच्यातून निघेना, तेव्हा त्याने तो साच्यासकट पाठवला. दुसऱ्याने मधाची घागर रात्रभर गार पाण्यात ठेवली आणि देवाचं नाव घेतलं. त्याची माळ दोऱ्यावरून उतरून मुंग्यांच्या रांगेत सामील झाली. दोन कढया राजवाड्यात आल्या, दोन बिऱ्हाडं गावाबाहेर गेली.

तिसरी पाळी राघू हलवायाची. त्याने कढई आधीच पोत्यात घातली. त्याची बायको येसू म्हणाली, कढई राहू द्या, तिचं यात काम नाही. मी जरा माहेरी जाऊन येते. माहेर डोंगरात, दोन दिवसांच्या वाटेवर. राघूला वाटलं, ही कायमचीच चालली.

पाडव्याच्या पहाटे येसू परत आली. एक गाल सुजलेला, हातात केळीच्या पानाचा पुडा. राजवाड्याच्या गुढीवर माळ चढली. पांढऱ्या गोल चकत्या, प्रत्येकीला दोऱ्याचा वेढा. दुपार झाली तरी थेंब गळला नाही.

राजांनी एक चकती काढून मोडली. बोटांवर सोनेरी मध आला.

"हे तर पोळं आहे. यात तू काय केलंस?"

"फार काही नाही, महाराज. माश्यांनी मध भरला, वर पांढऱ्या मेणाची झाकणं घातली. मी गोल कापलं आणि कडांना मेण लावलं. विस्तव मेणाने पाहिला, मधाने नाही."

"म्हणजे गाठी केली माश्यांनी?"

"हो. आपला हुकूम मी त्यांना कळवला. त्यांचं उत्तर माझ्या गालावर आहे."

वैद्यबुवा पुढे सरसावले. "पण हे मेण! ते पोटात गेलं तर?"

"गाठीत दोरा असतो, वैद्यबुवा. तो आजवर किती जणांनी गिळला?"

राजे हसू दाबत होते, ते काही दबलं नाही. पगडी सावरावी लागली इतके हसले. दोन्ही हलवायांना कढयांसकट परत बोलावलं, आणि राजवाड्याच्या गोडाधोडाचं काम कायमचं येसूकडे दिलं.

राणीसाहेबांनी स्वतः तिची ओटी भरली. भरता भरता हळूच विचारलं, मधाने तरी दात किडत नाहीत ना? येसू जरा घुटमळली. म्हणाली, माझा भाऊ लहानपणापासून मधावर वाढलाय, राणीसाहेब. त्याचा एक दात धड नाही.

राणीसाहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाळराजांनी चघळून झालेलं मेण वैद्यबुवांच्या तळहातावर थुंकलं आणि म्हणाले,

"छान होतं. आता गाठी द्या."