तंबोऱ्याची गवसणी

"आता भावाकडं जाऊन काय उपयोग, उस्ताद?" सर्जेराव म्हणाले.

अमीन उस्ताद गाडीच्या डिकीकडं बघत होते.

"आधी बंदूक काढ," ते म्हणाले.

निवडणूक लागली होती. परवान्याच्या बंदुका संध्याकाळी पाचच्या आत पोलीस ठाण्यात जमा करायच्या होत्या. ठाण्याच्या खोलीत ओल फार. ठेवलेली बंदूक महिन्यात गंजते. म्हणून सर्जेराव इंगवले दर निवडणुकीला आपली दुनळी बंदूक आधी टेकडीवरच्या दर्ग्यात घेऊन येत आणि मग ठाण्यात जात.

उस्ताद मूळचे शिकलगार, हत्यारं घासूनपुसून देणाऱ्या घरातले. वीस वर्षांपूर्वी त्यांनी धंदा सोडला आणि दर्ग्याच्या ओसरीवर येऊन बसले. पण सर्जेरावांना बंदूक धरायला त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळं या एका दुनळीला ते अजून तेल देत.

"सांग. कशी आणलीस?"

सर्जेरावांना छप्पन्नावं चालू होतं. तरी ते ताठ उभे राहिले.

"नळ्या वेगळ्या, लाकडी दस्ता वेगळा. आत काडतूस राहिलं नाही ना, म्हणून नळ्यांतून तीनदा उजेड बघितला. काडतुसं कुलपाच्या डब्यात, पुढं सीटखाली. परवाना खिशात. गाडी सोडून कुठं गेलो नाही. चहासुद्धा डिकीला टेकून प्यालो."

"आणि लोकांच्या नजरेचं काय?"

या प्रश्नाची सर्जेराव वाटच बघत होते. मागच्या खेपेला चामड्याची पेटी होती. पेट्रोल पंपावर चार माणसं जमली. साहेब, डुकरं मारता का, दाखवा की जरा... नको नको झालं होतं.

त्यांनी डिकीतून एक लांब गवसणी उचलून ओसरीवर ठेवली. हिरव्या लुगड्याची, आत कापूस भरून टाचलेली, तोंडाशी नाडी.

"तंबोऱ्याची आहे," ते हसून म्हणाले. "माळ्यावर पडली होती. अगदी मापात बसली. कुणाला शंकासुद्धा येत नाही. पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली, तर फाट्यावरचा चहावाला म्हणाला, बुवा, आज भजन कुठं?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं काहीतरी."

"काय?"

सर्जेरावांनी नाडीची गाठ सोडायला घेतली. ती लवकर सुटेना.

"भावाकडं... असं म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो, उस्ताद."

उस्तादांनी गाठ स्वतः सोडली. नळ्या काढल्या, दस्ता काढला. फडक्यावर तेल घेतलं आणि नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवत राहिले.

सर्जेरावांना गप्प बसवेना.

"तुम्हाला म्हटलं ना... श्रीपतीचा निरोप आला होता. गळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी दादांनी एकदा येऊन गाणं ऐकून जावं म्हणून. त्याची बायको दोनदा फोनवर बोलली."

"मग?"

"अकरा वर्षं बोलणं नाही. म्हटलं, धाकटा आहे, त्यानं यावं. आज जातो, उद्या जातो... पंधरा दिवसांपूर्वी ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला."

फडकं क्षणभर थांबलं. पुन्हा फिरू लागलं.

"पहाटे गायचा तो," उस्ताद म्हणाले. "वारा तुमच्या गावाकडून असला, की मला इथं ऐकू यायचं."

"मला झोप लागायची नाही त्यानं. त्यावरनंच तर..." सर्जेराव थांबले.

उस्तादांनी दुनळी बाजूला ठेवली. रिकामी गवसणी मांडीवर घेतली आणि तिचा खालचा फुगीर भाग दोन्ही हातांनी चाचपला.

"इथं बरीच जागा राहिलीय."

"तिथं भोपळा बसतो. तंबोऱ्याचा."

"तंबोरा कुठाय?"

"त्याच्याकडं. घरातून गेला तेव्हा घेऊन गेला."

"आणि ही?"

"मागितली होती त्यानं," सर्जेराव खाली बघत म्हणाले. "आम्ही वेगळे झालो त्या दिवशी. सगळं सोडून निघाला होता. दारात उभा राहून म्हणाला, गवसणी तेवढी द्या, दादा. तंबोऱ्याला धूळ लागते."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, आईच्या लुगड्याची आहे. ती घराबाहेर जाणार नाही."

"शिवली कुणी?"

"आईनंच."

"कुणासाठी?"

खालच्या रस्त्यानं एक एसटी घाट चढत होती. तिचा आवाज वळणावर गेला, परत आला आणि मग पुरता विरला.

"झाकून न्यावं, हे मीच शिकवलं तुला," उस्ताद हळूच म्हणाले. "पोरगा किती नेटका आहे म्हणून चारचौघांत कौतुकही केलं..."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून ओसरीवर पसरली. तिच्यात नळ्या ठेवल्या, दस्ता ठेवला, मधे जुनं फडकं घातलं. सगळं घट्ट गुंडाळून सुतळीनं तीन ठिकाणी बांधलं. गाठोडं स्वतः उचलून डिकीत ठेवलं आणि डिकी लावली.

मग गवसणीची घडी केली. आधी उभी, मग आडवी, बायका लुगड्याची करतात तशी. ती मात्र त्यांनी डिकीत ठेवली नाही. सर्जेरावांच्या हातात दिली.

घडी हलकी होती. सर्जेरावांना ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

"तो आता गाणार नाही, उस्ताद," ते म्हणाले. "ऐकायला बोलावलं तेव्हा गेलो नाही. आता ही घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? आता हिचा काय उपयोग?"

उस्ताद बोटांचं तेल पुसत होते. एकेक बोट, सावकाश.

"पाचला ठाण्यात जा," ते म्हणाले. "आणि मग पुढं जा. तंबोरा अजून उघडाच आहे."