दोन पानांचं रोप

"चुकतच नाही म्हणतोस?"

"चुकतं, बाबा. पण माणसाइतकं नाही."

दौलतगीर बाबा हसले. गुडघ्यावर हात देत मठामागच्या कपाशीत उकिडवे बसले.

तेजराव याच मठात वाढला, इथंच खुरपं धरायला शिकला. आता पुष्कळ वर्षांनी, स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन तो परत आला होता. उद्यापासून ते गावोगावच्या शेतांत फिरायचं होतं. त्याआधी बाबांच्या हातून त्याच्यापुढं नारळ फुटावा, एवढ्यासाठीच त्यानं वाट वाकडी केली होती.

यंत्र म्हणजे चार चाकांचा गाडा. खाली कॅमेरा, मागं फवारा, वर स्क्रीन.

"ह्याला शिकवलं कोणी?"

"मीच. डीप लर्निंग म्हणतात त्याला. रोपांचे हजारो फोटो दाखवले. हे पीक, हे तण... दाखवत राहायचं. मग ते आपलं आपण ओळखायला लागतं."

"भाकर किती खातं?"

"भाकर कुठली, बाबा! चार्जिंगवर चालतं."

"मग तुझ्यापरीस बरं. तू आलास तेव्हा टोपलं रिकामं करायचास."

तेजराव लाजला. चुलीवरची ज्वारीची भाकर, बाबांच्या शेजारच्या तासात बसून केलेलं निंदण, नखांत अडकलेली काळी माती... सगळं एकदम जवळ आलं.

त्यानं बटण दाबलं. गाडा तासातून निघाला. स्क्रीनवर कपाशीभोवती हिरवी चौकट उमटे, तणाभोवती लाल. लाल उमटली की फवारा उडे. आज दाखवण्यापुरतं टाकीत नुसतं निळं पाणी होतं.

एका इवल्याशा रोपाभोवती लाल चौकट आली.

बाबांनी त्यावर तळवा धरला.

निळं पाणी तळव्यावर उडालं. तेजरावानं घाईघाईनं गाडा थांबवला.

"बाबा, तण आहे ते. रानभेंडी."

"असेल."

"मग?"

"दोनच पानं आहेत रे त्याला."

"दोन पानांवर ओळखतं, हीच तर ह्याची कमाल! मोठं झाल्यावर काय, कोणीही ओळखेल."

तळवा तसाच होता.

तेजराव त्या तळव्याकडं बघत राहिला...

लहानपणी शाळेनं त्याचं नाव कमी केलेलं. मामानं मठाच्या पायरीशी आणून सोडलेलं. पहिल्याच सकाळी त्यानं देवापुढचा गूळ उचलला, तसं पुजाऱ्यानं त्याचं बखोट धरलं होतं. "हे पोर मठ नासवील, बाबा! आत्ताच हाकला ह्याला." पुजाऱ्यानं काठी उगारली, आणि मध्येच हा तळवा आला होता. त्याच्या डोक्यावर. काठी तळव्यावर बसली होती.

तेव्हाही बाबांनी तळवा काढला नव्हता.

"नारळ... फोडता ना, बाबा?" तेजरावानं विचारलं.

"फोडू की. ह्याला आणखी पानं फुटू दे."

"किती दिवस वाट बघायची?"

बाबांनी निळा तळवा भगव्या छाटीला पुसला.

"तुझी बघितली, तेव्हा मी दिवस मोजले नव्हते रे."