खालची फांदी

जुन्या विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. मुलांनो, त्या वस्तीत पूर्वी एक छान रीत होती. कुणाचे घरटे वाऱ्याने पडले, की सगळे विणकर ते काट्याला टांगून काडी काडी उसवत. ज्याचे पडले तो स्वतःच सांगे, "ही गाठ सैल राहिली." मग एखादा म्हातारा म्हणे, "अरे, माझी तर तीन वर्षे सैलच राहत होती! एकही सुगरणबाई आत पाऊल टाकेना." हशा पिके, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीच्या गाठी घट्ट होत. त्या दुपारी जुन्या पक्ष्यांना अजून आठवतात.

पुढे रखवालीला आलेला कोतवाल पक्षी वस्तीचा प्रमुख झाला. त्याला शिस्त फार प्रिय. शेंड्यावर बसून त्याने हुकूम काढला, "ज्याचे घरटे पडेल, त्याने हंगामभर सर्वांत खालच्या फांदीवर बसायचे!" हुकूम भलताच लागू पडला. त्या हंगामात एकही घरटे पडल्याचे कोतवालाच्या कानावर आले नाही. विहीर मात्र गवताने भरत चालली, कारण पडलेले घरटे जो तो गुपचूप तिच्यात ढकलू लागला.

ओढ्यापलीकडचे नवे गवत एका विणकराने शोधले होते आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांना सुचवलेही होते. ऊन लागले की ते कडाकडा मोडते, हे त्याला स्वतःचे घरटे पडल्यावर कळले. त्याने ते विहिरीत लोटले आणि चोच मिटून घेतली. एके सकाळी शेजारीण कौतुकाने म्हणाली, "भाऊजी, तीन अंडी आहेत हो आत! घरटे तुमच्याच गवताचे." घरटे वाऱ्यावर झुलत होते आणि ज्या देठाने ते फांदीला टांगले होते, त्याच्याशी एक काडी मोडलेली दिसत होती.

विणकराने खालच्या फांदीकडे पाहिले, मग त्या काडीकडे. "वहिनी, ते गवत फसवे आहे. माझे घरटे पडले, ते मी लपवले. आधी देठ बांधू, मग काय बोलायचे ते बोला."

"बोलणार तर आहेच!" असे म्हणत ती शिंदीच्या पानांचे धागे आणायला उडाली. सगळी वस्ती धावली. दुपारपर्यंत देठ पक्का झाला, अंडी वाचली.

"कुणाचे पडले होते? चला खाली!" कोतवाल गरजला. विणकर निमूटपणे खालच्या फांदीवर जाऊन बसला. शेजारी दुसरा येऊन टेकला, "माझेही पडले होते, आषाढात." मग तिसरा आला, मग चौथा. फांदी भरून विहिरीत डोकावू लागली, आणि कुणाची गाठ कुठे सुटली याची अशी मैफल रंगली, की शेंड्यावर एकटाच उरलेला कोतवाल मान वाकडी करून ऐकू लागला. शेवटी तोही खाली उतरला.

"जरा सरका. हुकूम काढताना माझीही गाठ चुकली."

"बस की," एक म्हातारा म्हणाला. "पण आधी उसवून दाखव."

तात्पर्य : चूक सांगणाऱ्याला खाली बसवले म्हणून चुका संपत नाहीत, त्या विहिरीत जातात, आणि त्यांच्यापासून मिळणारे शहाणपणही तिथेच बुडते.