पवळ्याचे एक्केचाळीस फेरे

शेलगव्हाण हे गाव तसे आडबाजूचे. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला खडकाळ माळ आणि माळाच्या टोकाला सिद्धेश्वराचे जुने देऊळ. या देवळाच्या ओवरीत तुळाजी महाराजांनी अकरा वर्षे मुक्काम केला. अंगावर एक घोंगडी, उशाला एक वीट आणि ओठांवर अखंड नाम, एवढाच त्यांचा संसार. गावकरी सुखात असले की महाराजांना विसरत आणि अडले की ओवरीकडे धावत. महाराजांना दोन्ही वेळा सारखेच हसू येई. त्या अकरा वर्षांतला एक दिवस असा आहे, भाविकहो, की तो सांगताना अंगावर काटाही येतो आणि हसूही आवरत नाही!

त्या साली गावाने देवापुढे सभामंडप बांधायला काढला होता. तीन बाजूंनी भिंती, समोर एकच मोठी दारकमान आणि वर विटांचा घुमट. कामासाठी अंबाजी मिस्त्रीला लांबून बोलावून आणले होते. माणूस हुन्नरी, यात शंका नाही. पण आपल्या हुन्नरावर त्याचे स्वतःचेच इतके प्रेम की दुसऱ्याने वेगळे प्रेम करायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

चुना मळायचे काम म्हाळसाकडे होते. म्हाळसा लोणाऱ्याची विधवा. चुन्याचा घाणा आणि तो ओढणारा पवळ्या नावाचा म्हातारा बैल, एवढे नवऱ्यामागे उरलेले. पवळ्याचा डावा डोळा गेलेला. बारा वर्षे त्याने त्या गोल चरातून दगडी चाक फिरवले होते. एका घाणीला, म्हणजे एका वेळच्या चुन्याला, तीनशे फेरे, हा म्हाळसाच्या सासऱ्यापासूनचा नेम. गाडग्यात तीनशे चिंचोके घालायचे, फेरा झाला की एक चिंचोका दुसऱ्या गाडग्यात टाकायचा. पहिले गाडगे रिकामे झाल्याशिवाय बैल सोडायचा नाही. म्हाळसा ही देवपूजाच समजे. फेऱ्यागणिक ती महाराजांचे नाव घेई.

घुमटाच्या माथ्याची शेवटची घाणी चालू होती. उन्हे कलायला आली होती. अंबाजी मिस्त्री तरातरा आला आणि म्हणाला, “बास झालं! सोड बैल. चुना वर जाऊ दे.”

म्हाळसाने गाडग्यात पाहिले. “मिस्त्री, एक्केचाळीस फेरे ऱ्हायलेत. बोटाला कणी लागतीया अजून. हा चुना मिळून न्हाई यायचा.”

“कुणी सांगितलं? तुझ्या बैलानं?” मिस्त्रीने गड्यांकडे वळून डोळे मिचकावले. “अरे, मी नदीचे घाट बांधले, गावांच्या वेशी उभ्या केल्या. आणि आता बैलाच्या शेपटामागं हिंडणारी बाई मला चुना शिकवणार!”

गडी फिदीफिदी हसले. पवळ्याचे जू निघाले आणि चुना वर गेला. म्हाळसाने उरलेले एक्केचाळीस चिंचोके पदरात बांधले, कारण पुऱ्या न झालेल्या फेऱ्यांचे चिंचोके दुसऱ्या गाडग्यात टाकायचे तिला जिवावर आले.

प्रकरण एवढ्यावर थांबते तरी ठीक होते. पण पंचांनी मंडपातल्या पहिल्या पंगतीचा मुहूर्त अकराव्या दिवसाचा काढला आणि मिस्त्रीने दहाव्याच दिवशी घुमटाखालचा लाकडी सांगाडा काढून टाकला. “देवाच्या पंगतीला लोकांनी काय लाकडांत अडकून बसायचं?” असे म्हणून त्याने मोकळ्या मंडपात तीन येरझाऱ्या घातल्या. म्हाळसा हात जोडून पुढे झाली. तिचे तोंड उघडण्याआधीच तो कडाडला, “पुन्हा अभद्र बोललीस तर तुला आणि तुझ्या त्या काण्या बैलाला देवळाची पायरी चढू देणार नाही!” पंचांनीही माना डोलावल्या. पाहुण्यांना निरोप गेले होते, शिधा आला होता. आता कुणाला मागे फिरायचे होते?

म्हाळसाने ओवरी गाठली आणि महाराजांपुढे बसकण मारली.

“महाराज, माझी येसू माहेरी आलीया. सातवा महिना हाय तिला. दोन येळा पोरीची कूस रिकामी झाली, म्हून तिनं नवस केलाय का नव्या मंडपात पयल्या पत्रावळी ती मांडंल. घुमटाचा चुना कच्चा हाय, तो खाली येनार. आता तिला कसं सांगू? आन् सगळ्या गावाला कसं सांगू?”

महाराज लगेच उठले. घोंगडी सावरीत ते स्वतः मंडपात गेले आणि मिस्त्रीला म्हणाले, “मिस्त्री, पंगत पुढल्या महिन्यात घालू. देव काही उपाशी नाही.”

“महाराज, आपण नाम सांभाळा,” मिस्त्री हसून म्हणाला. “चुना मला सांभाळू द्या.”

महाराज मागे फिरले. ओवरीत परत येऊन त्यांनी म्हाळसाच्या पदराकडे बोट केले. “ते काय आहे?”

“उरलेले फेरे, महाराज.”

“ती गाठ सोडू नकोस. ज्याचं घर बांधताहेत, तो आपले फेरे पुरे करून घेईल.”

म्हाळसाला यातले काही कळले नाही. पण गाठ तिने आणखी घट्ट केली.

दिवस उजाडला. सूर्य माथ्यावर आला की पंगत बसायची होती. माणसे तीनशेच्या वर. आता पुढे काय काय झाले ते पाहा, आणि तुम्हीच सांगा याला काय म्हणायचे!

सकाळी देवाची पालखी स्नानासाठी ओढ्यावर गेली. परतीच्या वाटेवर पालखीचा दांडा चिरला. मोडलासुद्धा नाही, नुसता चिरला! पण चिरल्या दांड्याने देव आणायचा कसा? माणूस गावात पळाला. दांडा सापडला तर दोर सापडेना. पालखी आल्याशिवाय पंगत बसणार नाही, म्हणून माणसे बाहेर चिंचेखाली ताटकळत राहिली.

पालखी दिसू लागली तोच स्वयंपाकाच्या जागी बोंब उठली. आमटीच्या मोठ्या हंड्याचे बूड गळू लागले होते. निम्मी आमटी चुलीत गेली आणि चूल विझली. आचारी डोके धरून बसला. “आज सकाळी कुणाचं तोंड पाहिलं रे!” घाईघाईने दुसरी चूल खणली. हंडा नीट बसेना. टेकू हवा होता, म्हणून एका वाढप्याने इकडेतिकडे पाहिले आणि दिसली ती लाकडी मेख उपटून आणली.

ती मेख पवळ्याची होती.

अखेर आमटीला कड आला, पालखी गाभाऱ्यात बसली, लोक उठले. डोक्यावर पत्रावळींची चवड घेऊन येसू सर्वांच्या पुढे निघाली. तिच्या मागे म्हाळसा. दारकमान दहा पावलांवर आली, आणि मंडपाच्या कोपऱ्यावरून एक शिंग पुढे आले. मग दुसरे. मग गळ्यातले दावे जमिनीवरून फरफटत पवळ्या आला. दारापुढून गेला, पलीकडच्या कोपऱ्याला वळला आणि देवळामागे दिसेनासा झाला. लोक हसले आणि पुन्हा पुढे सरकले. तोवर पवळ्या चक्कर पुरी करून परत हजर! बारा वर्षे गोल फिरलेला बैल. मोकळा सुटला तरी त्याला सरळ जाणे म्हणून ठाऊक नव्हते.

“हाकला रे त्याला!” मिस्त्री ओरडला.

“थांबा!” ओवरीतून महाराजांचा आवाज आला. ते कधी मोठ्याने बोलत नसत, म्हणून तीनशे माणसे जागच्या जागी थांबली. महाराज म्हणाले, “तो प्रदक्षिणा घालतो आहे. त्याला आडवं जाऊ नका. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही.”

“आणि किती घालणार आहे तो?” एका पंचाने विचारले.

महाराजांनी म्हाळसाकडे पाहिले, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! तिने पदराची गाठ सोडली. झालेल्या दोन फेऱ्यांचे दोन चिंचोके पायाशी टाकले. पवळ्या पुन्हा दारापुढून गेला. तीन.

काय ती वेळ! भात निवत होता, लेकरे भुकेने रडत होती, पाहुणे एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. “बैलाची प्रदक्षिणा होईस्तोवर माणसांनी उपास करायचा होय?” पण महाराजांचा शब्द मोडायला कुणी धजेना. पवळ्याला कसलीच घाई नव्हती. पंधरा झाले. बावीस झाले. मधूनच तो थबकून शेपटीने माश्या वारी, आणि त्या क्षणी म्हाळसाला वाटे, आता बसला खाली! पण नाही, पुन्हा पाऊल पडे.

ऊन तापले होते. येसूने पत्रावळी खाली ठेवल्या. “आई, मला घेरी येतीया. आत सावलीत टेकते जरा.”

म्हाळसाने तिचे मनगट धरले.

“आई, सोड! दुखतंय मला.”

“दुखू दे,” म्हाळसा म्हणाली. पोरीचा चेहरा उतरलेला दिसत होता. सावली तर तिथेच होती, दहा पावलांवर, थंडगार. आपण चुकत असलो तर? उन्हाने पोरीचे काही कमीजास्त झाले तर? म्हाळसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले, पण मनगट तिने सोडले नाही. दुसऱ्या हाताने पदर येसूच्या डोक्यावर धरला आणि चिंचोका टाकला. तेहतीस.

एकोणचाळिसाव्या फेऱ्याला मिस्त्रीचा संयम सुटला. तो सरळ उंबरा ओलांडून आत गेला आणि घुमटाच्या बरोबर खाली मांडी घालून बसला. “हा बघा, बसलो! या सगळे! का बैलानं परवानगी द्यायला हवी?”

चारदोन तरणे गडी पुढे झाले. म्हाळसाने आडवे हात पसरले. “पाया पडते, दोनच ऱ्हायलेत! दोनच!” तिचा अवतार पाहून ते घुटमळले. चाळिसावा फेरा झाला. तिच्या मुठीत एकच चिंचोका उरला.

पवळ्या पुन्हा कोपऱ्यावर दिसला. “आता बघतोच याला,” म्हणत मिस्त्री आतून उठून दारात आला. बैल पुढून जाताच त्याने फरफटणारे दावे उचलले, मनगटाला तीन वेढे दिले आणि उंबऱ्याला पाय रोवून मागे रेलला. पवळ्याला काय त्याचे! बारा वर्षे दगडी चाक ओढलेला तो गडी, त्याला मिस्त्री किती जड? त्याने मान खाली घातली आणि पाऊल टाकले. मिस्त्रीचा पाय उंबऱ्यावरून निसटला. तो तोंडावर आपटला आणि ओरडत, शिव्या देत, मातीतून पोटावर घसटत दहा, बारा, पंधरा हात ओढला गेला. दावे सुटता सुटेना.

म्हाळसाने शेवटचा चिंचोका टाकला.

वर काहीतरी कडकडले. घुमटाच्या माथ्यावरून एक वीट सुटली, मग चार, आणि मग अख्खा घुमट धाडकन खाली आला! जमीन हादरली. पांढऱ्या धुळीचा लोट दारकमानीतून बाहेर पडला आणि माणसाला माणूस दिसेना. “येसू!” म्हाळसा किंचाळली. मनगट तिच्या हातातच होते. “हाय गं आई, हाय मी,” येसू रडत म्हणाली आणि आईच्या कुशीत शिरली.

धूळ बसली तशी हाकाहाक सुरू झाली. बापाने लेकाला, बायकोने नवऱ्याला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाक मारली. प्रत्येक हाकेला ओ आली. तीनशेच्या वर माणसे, आणि एकाच्या नखालाही धक्का नाही! जिथे पंगत बसायची तिथे पुरुषभर विटा पडल्या होत्या. मग कुणाला दांडा आठवला, कुणाला हंडा आठवला, कुणाला मेख आठवली. ज्यांनी सकाळपासून दैवाला बोल लावले होते त्यांनी देवापुढे कान धरले.

पवळ्या मात्र चिंचेखाली आपल्या जागेवर जाऊन रवंथ करत उभा होता. फेरे झाले होते, काम संपले होते.

मिस्त्रीने मनगटाचे वेढे सोडवले. ढोपरे फुटली होती, पागोटे कुठे तरी गेले होते. लंगडत तो ओवरीपाशी आला आणि महाराजांपुढे लोळण घेऊ लागला. महाराज दोन पावले मागे सरले.

“माझ्या पाया कशाला पडता? मी तर सकाळपासून इथंच बसून आहे. ओढलं त्यानं, मोजलं हिनं आणि राखलं सिद्धेश्वरानं.”

मिस्त्री गेला आणि पवळ्याच्या खुरांवर त्याने डोके ठेवले. म्हाळसापुढे मात्र तो नुसताच उभा राहिला. त्या दिवशी पंगत चिंचेखाली बसली. निवलेला भात आणि निम्मी आमटी! पण जेवणाऱ्यांनी अशी गोडी पुन्हा कधी चाखली नाही. पहिली पत्रावळ येसूने मांडली, आणि महाराजांनी त्या पत्रावळीवर म्हाळसाला बसवले.

पुढे येसू सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. मंडपाचे कामही पुन्हा सुरू झाले. या खेपेला चुना महिनाभर मुरला. घुमटाच्या माथ्याची घाणी लागली तेव्हा पवळ्या थकला होता. दोनशे एकोणसाठ फेऱ्यांवर तो उभा राहिला. मिस्त्रीने कुणालाही न विचारता त्याचे जू काढले, स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि दगडी चाक ओढू लागला. गडी पाहत राहिले. या वेळी कुणी हसले नाही. चाळीस फेऱ्यांनंतर त्याला धाप लागली, आणि झाले असे समजून तो जू उतरवू लागला.

म्हाळसाने तळहात पुढे केला. त्यावर एक चिंचोका होता.

“एक ऱ्हायलाय, मिस्त्री.”

मिस्त्रीने जू पुन्हा खांद्यावर घेतले. तो फेरा त्याने पुरा केला, चुना बोटाने चोळून पाहिला. कणी लागली नाही. मग भरल्या डोळ्यांनी तो खाली वाकला आणि चुन्याने माखलेल्या तिच्या पायांवर त्याने आपले मस्तक ठेवले.