दक्षिणेला खिडकी नसलेलं घर

इंग्लंडच्या उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेलगतच्या माळावर एक जुनं दगडी शेतघर आहे. दोन हात जाडीच्या भिंती आणि दगडी फरशांचं छप्पर. खाली गोठा, वर माणसांची राहायची जागा. त्या थंड मुलखात जो तो उन्हासाठी दक्षिणेला खिडकी ठेवतो. या घराची दक्षिणेची भिंत मात्र पार कोरी आहे. पाहुणे आले की म्हातारा मेंढपाळ रोलंड त्यांना आधी त्या भिंतीपाशी उभं करतो आणि मग सांगायला लागतो.

फार पूर्वी सीमेवर घोडेस्वार लुटारूंचा धुमाकूळ होता. तेव्हा इथे गवताने शाकारलेलं लाकडी घर होतं. त्यात थॉमसिन आणि तिचा नवरा ॲडम राहायचे. खाली उतारावर, दक्षिणेला, तिच्या दिराचं, गॅवेनचं घर होतं. एका पानगळीत लुटारू आले. त्यांनी गुरं हाकलली, घर पेटवलं आणि आडव्या आलेल्या ॲडमच्या पोटात भाला खुपसला. थॉमसिन त्याला पाठीवर घेऊन गॅवेनच्या दाराशी आली.

"गॅवेन, दार उघड! तुझा भाऊ आहे."

"उघडलं तर आम्हालाही जाळतील," आतून आवाज आला. "जा इथून."

ॲडमने त्या उंबऱ्यावरच प्राण सोडला. थॉमसिन रडली नाही, असं सांगतात. तिने नवऱ्याला पुरलं आणि ओढ्यातून दगड वाहायला सुरुवात केली. जळणार नाही असं घर तिला हवं होतं. माणसांचं दार तिने वरच्या मजल्याला ठेवलं. शिडी वर ओढली की कुणाची आत यायची सोय नाही.

गवंड्याने विचारलं, "बाई, दक्षिणेला खिडकी? ऊन तिकडूनच येतं."

"नको," ती म्हणाली. "तिकडून त्याच्या चुलीचा धूर दिसतो."

कैक वर्षं गेली. गॅवेनची हाक आली तरी ती मान वळवायची नाही. मग एका संध्याकाळी लुटारू पुन्हा आले आणि या खेपेला त्यांनी गॅवेनचं गवती छप्पर पेटवलं. बायको एलन आणि मुलांना घेऊन तो धावत चढ चढून वर आला. कोऱ्या भिंतीवर मुठी आपटत, तिला वळसा घालून तो दाराखाली पोचला.

थॉमसिनने शिडी सोडली. मुलं चढली, एलन चढली. गॅवेनने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तशी तिने शिडी हिसका देऊन वर ओढून घेतली.

"तुला गोठा आहे," ती म्हणाली.

गॅवेनने गोठ्यात शिरून आतून अडसर लावला. लुटारूंनी दाराशी ओलं गवत रचून पेटवलं. धूर आत कोंडला. गुरं हंबरू लागली. गोठ्यातून वर यायला माडीच्या जमिनीत एक झडप होती, तिच्यावर खालून धक्के बसायला लागले.

"झडप उघड गं, तो मरेल!" एलन तिच्या पाया पडली.

थॉमसिन झडपेवर बसून होती. गॅवेनच्या दारातून परतताना ॲडमचं शरीर पाठीवर थंड होत गेलं होतं, ते तिला आठवत होतं म्हणे. खालचे धक्के मंदावले, तेव्हा ती उठली. तिने झडप वीतभर उचलली, दोरीला बांधून पाण्याची बादली खाली सोडली आणि झडप पुन्हा लावली. मग दुसरी बादली सोडली. गॅवेन दार भिजवत राहिला, अडसराला पाठ लावून उभा राहिला. दार जळलं नाही. कंटाळून लुटारू निघून गेले.

सकाळी तो काळवंडलेल्या तोंडाने बाहेर आला आणि गुडघ्यांवर बसला. "मला माफ कर, थॉमसिन."

"बायकामुलं हिवाळाभर राहतील माझ्याकडे," ती वरूनच म्हणाली. "पाणी दिलं, ते एलनच्या तोंडाकडे बघून. माफी माझ्याकडे नाही."

हिवाळाभर त्याने एकट्याने आपलं जळलेलं घर पुन्हा उभारलं. वसंतात बायकामुलं खाली गेली. थॉमसिन त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही.

आजही खालच्या घरचं कुणी वर आलं, तर शिडीच्या जागी नंतर बांधलेल्या दगडी पायऱ्या चढून वरच्या दाराशी जात नाही. गोठ्याच्या दाराबाहेर उभं राहून हाक मारतं. असं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आणि वरच्या घरच्या कुणी 'वर या' असंही अजून म्हटलेलं नाही.